भिशी ॲपची डॉक्युमेंटरी : सहावा रविवार

लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत चार कॉलेजवयीन मुलं भिशीचा हिशेब ठेवणारं ॲप बनवतायत आणि दर रविवारी मी ते शूट करतोय. हे वेड २००५ च्या ‘आर्डवार्क्ड’ या डॉक्युमेंटरीमुळे लागलं. न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक सॉफ्टवेअरमधले चार इंटर्न १२ आठवड्यांत कोपायलट उभं करतात. लांब बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर हाताळून त्याला मदत करता यावी, यासाठीचं ते सॉफ्टवेअर. त्यांच्यामागे लेरोन विल्सनचा कॅमेरा.

आधी स्क्रीन शूट करताना तिच्यावर दिसणाऱ्या पट्ट्यांचं सांगतो, कारण पहिले तीन रविवार त्यात गेले. मॉनिटर ६० हर्ट्झ, आपली वीज ५० हर्ट्झ. कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंदावर ठेवलं की स्क्रीन स्वच्छ, पण ट्यूबलाइट लुकलुकते. १/५० केलं की ट्यूब शांत आणि स्क्रीनवर पट्टे. शेवटी मॉनिटरच ५० हर्ट्झवर लावला, कॅमेरा २५ फ्रेम्सवर, शटर १/५०. दोन्ही मिटलं. तुमचा मॉनिटर ५० घेत नसेल तर ट्यूब बंद करा, खिडकीचा उजेड घ्या आणि शटर १/६० ठेवा.

पंख्याच्या आवाजावर मात्र पंखा बंद करणं हाच उपाय. दहा मिनिटांचा टेक, मग परत चालू.

या रविवारी पहिली पावती छापली. भिशी चालवणाऱ्या काकूंनी कागद डोळ्यांजवळ धरला. “अगं, माझी भिशी अशी काय लिहिलीस?” ‘भ’ एकटाच, आणि ‘श’ला दोन्ही वेलांट्या. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी अक्षरानंतर साठवतात, दिसते मात्र आधी. पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीत (म्हणजे तयार कोडमध्ये) ही जुळवाजुळव नसली की असं होतं. पावतीचं काम केलेली मुलगी काहीच बोलली नाही. त्या शब्दावरून दोनदा बोट फिरवलं, खुर्ची पुढे ओढली आणि अक्षरांची ही मांडणी करून देणारी हार्फबझ लायब्ररी जोडायला बसली. मी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलवला नाही. सहा आठवड्यांतलं माझं सगळ्यात आवडतं फुटेज हेच.

एरवी मी स्क्रीनकडेच वळलो असतो. आता स्क्रीन ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी रेकॉर्ड होते, कॅमेरा माणसांवर. सुरुवातीला एक अक्षर जोरात टाइप करायला सांगतो. कीबोर्डचा आवाज आणि स्क्रीनवरचं अक्षर जुळवलं की सिंक होतं.

पुढच्या रविवारी काकूंच्या भिशीच्या चिठ्ठ्या निघणार आहेत, नोंद पहिल्यांदाच ॲपवर. काही बायकांनी चेहरा दाखवायला नको म्हटलंय. तेव्हा फक्त हात, चिठ्ठ्यांचा डबा आणि जुनी वही.