तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी फ्रेम ठेवावी की सोडावी?

हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि तो येतो फोटोसकट. भिंतीला टेकवलेली जुनी स्टीलची सायकल, रंग उडालेला, आणि खाली एक ओळ: "जरा ठोकर बसलीय, थोडा गंजही आहे. दुरुस्त करण्यात अर्थ आहे का?" तुमचाही असाच आला. फरक इतकाच की तुमची सायकल तुमच्या बाबांची आहे, आणि ती तुम्हाला चालवायची आहे, शोभेला ठेवायची नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

फोटो पाहून मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. बरीच वर्षं जुन्या फ्रेम खोलतोय. डोळ्यांना जे खुपतं ते बहुतेक वेळा किरकोळ असतं, आणि ज्यानं फ्रेम जाते ते डोळ्यांना दिसतच नाही, हा अनुभव इतक्यांदा घेतलाय की आता आधी बोटांवर विश्वास ठेवतो. तुम्हीही तेच करा. पुढचं चाक काढा, फ्रेम उलटी करून मांडीवर घ्या. हेड ट्यूबला (हँडलखालची आखूड उभी नळी) डाउन ट्यूब (तिथून पेडलांकडे उतरणारी तिरकी नळी) जिथे मिळते तिथे लग आहे, म्हणजे नळ्या ज्यात बसवून पितळेनं जोडल्यात तो कोरीव सांधा. त्या लगच्या टोकापासून मागे चार बोटं एवढ्या जागेत, नळीच्या पोटाखालून तर्जनी हळूहळू फिरवा. डोळे मिटून फिरवलंत तर उत्तम. मग खोलीत अंधार करा आणि टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून उजेड लांबीच्या दिशेनं सोडा. नळी सरळ असेल तर उजेडाची पट्टी सलग पडते. सुरकुती असेल तर पट्टी तिथे मोडते आणि मागे एक बारीक सावली पडते. रंग शाबूत असला तरी ती लपत नाही.

ही जागा का, तर समोरून धडक बसली की चाक मागे रेटलं जातं, पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, मागे वाकतो आणि हेड ट्यूबचं खालचं टोक मागे सरकू बघतं. तो सगळा दाब डाउन ट्यूबवर येतो. चांगल्या फ्रेमच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. खिळे बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कुटुंबातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सनी या पद्धतीचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं, आणि १९३५ मध्ये त्याच कंपनीची ५३१ नावाची नळी आली, जी पुढे कित्येक दशकं उत्तम सायकलींची ओळख होऊन बसली. अशा नळीचा मधला भाग जेमतेम ०.५ ते ०.६ मिलिमीटरचा. सांध्यापाशी ताकद, मध्ये हलकेपणा. पण जाड भाग संपून नळी पातळ होते तिथेच दाबाखाली ती दुमडते.

सुरकुती सापडली तर? तिथलं पोलाद आपली मर्यादा ओलांडून गेलंय. ठोकून-ताणून सरळ केलं तर दिसायला ठीक दिसेल, पण तो भाग दोनदा वाकलेला असेल आणि रोजच्या हादऱ्यांत तडा तिथूनच सुरू होईल. त्यावर वेल्डिंगचा थर चढवणारेही भेटतात. कृपा करून तसं करू देऊ नका, अर्ध्या मिलिमीटरच्या नळीचं त्या उष्णतेत काही खरं नसतं. योग्य उपाय एकच, नळी बदलणं. जुन्या लगच्या फ्रेमची थोरवी मला इथेच वाटते. सांधा तापवला, साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत, की पितळ वितळतं, जुनी नळी निघते आणि त्याच लगमध्ये नवी बसते. चांदीच्या मिश्रधातूनं जोडलं असेल तर ६५० ते ७०० अंशांतच काम होतं. वितळलेलं पितळ लगच्या कडेनं सोनेरी रेघ होऊन आत ओढलं जाताना बघणं, ते काम करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून, हा माझ्या आवडीचा क्षण आहे.

माझा हिशोब असा: एकटी डाउन ट्यूब गेली असेल तर फ्रेम वाचवावी. टॉप ट्यूबही, म्हणजे वरचा आडवा दांडाही, त्याच जागी दुमडली असेल तर आपण अर्धी फ्रेम नवी बांधतोय हे स्वतःला सांगून मगच पुढे जावं. आणि चिमटा वाकलेला असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नये. तो अगदी थोडा वाकला असेल तर सरळ करणारे कारागीर आहेत, पण क्राउनपाशी, म्हणजे चिमट्याचे दोन पाय वर जुळतात तिथे, किंवा वर हेड ट्यूबमध्ये जाणाऱ्या नळीत तडा असेल तर तो थेट भंगारात. बाकी फ्रेम तुटताना बहुधा आधी कुरकुरते, लचकते. चिमटा मोडला की तोंडावर पडायला क्षणसुद्धा लागत नाही. याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

तड्यांच्या जागाही ठरलेल्या असतात. बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलांचा आस ज्या डब्यात फिरतो तो) डाउन ट्यूबचं टोक, चेनच्या बाजूचा मागचा ड्रॉपआउट (चाकाचा आस ज्या खाचेत बसतो तो), आणि सीटचा बोल्ट ज्या कानांतून जातो ते कान. रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून झिरपलेला तांबूस डाग दिसला की रंग खरवडून खालचं पोलाद बघा. शंका राहिलीच तर लाल रंगद्रव्य फवारून, पुसून, वर पांढरी पूड मारण्याची एक साधी चाचणी आहे. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ड्रॉपआउट बदलता येतो, कान नव्यानं जोडता येतात.

गंजाला लोक नको इतके घाबरतात. वरचा गंज घासला की जातो. खरा गंज आतला. पाऊस आणि घाम सीट ट्यूबमधून, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीतून, खाली उतरतात आणि बॉटम ब्रॅकेटच्या डब्यात साचतात. म्हणून तो खोलून आत टॉर्च मारा. तपकिरी थर चालेल. पापुद्रे सुटून हातात येत असतील तर बाहेरून त्याच भागावर टोच्या जोरात दाबा, विशेषतः चेन स्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या, जिथून सुरू होतात तिथे. टोच्या आत गेला की विषय संपला. नाण्यानं नळीवर टकटक करत गेलात तरी कळतं. शाबूत नळी खणखणते, खाल्लेली नळी बद्द वाजते.

आता सीट पोस्ट, म्हणजे सीट जिच्यावर बसते ती दांडी. तुम्ही लिहिलंय की ती हलत नाही. अॅल्युमिनियमची पोस्ट स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं राहिली की ओलाव्यात दोन धातूंमध्ये एक प्रकारची बॅटरी तयार होते, अॅल्युमिनियम फुलतं आणि नळीला घट्ट धरून बसतं. माझ्याकडे एकदा एक सुंदर फ्रेम आली होती, लगच्या कडा कानशीनं कागदासारख्या पातळ केलेल्या. आधीच्या कोणीतरी पोस्टला लांब पाइप लावून पिळलं होतं. पोस्ट हलली नव्हती, सीट ट्यूबच पिळली गेली होती. धडधाकट फ्रेम एका सीट पोस्टपायी गेली, आणि ते मला अजून लागतं. म्हणून जोर करू नका. मुरणारं तेल सोडत आठवडाभर थांबा. मग पोस्टचं डोकं शिकंज्यात पकडून फ्रेमच दोन्ही हातांनी सावकाश फिरवा. नाहीच निघाली तर कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खाऊन टाकतो आणि पोलादाला हात लावत नाही, पण त्यातून उष्णता आणि हायड्रोजन निघतो, आणि त्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, ज्यानं आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. पोस्ट निघाली की तिची जाडी (बाहेरचा व्यास) मोजून मला कळवा. २७.२ मिलिमीटर भरली तर नळ्या बहुधा पातळ, चांगल्या प्रतीच्या. २५.४ असेल तर साध्या जाड नळ्या असण्याची शक्यता जास्त. त्यावर फ्रेमवर किती जीव लावायचा हे थोडंफार ठरतं.

फ्रेम सरळ आहे का हे बघायला दोरा पुरतो. एका मागच्या ड्रॉपआउटला बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असेल तरी मागचा भाग स्टीलमध्ये गार असतानाच वाकवून जागेवर आणता येतो. मागच्या ड्रॉपआउटमध्ये १२० किंवा १२६ मिलिमीटर अंतर असलेली जुनी फ्रेम १३० च्या चाकासाठी अशीच रुंदावतात. बॉटम ब्रॅकेटचे आटे गेले असतील तरी घाबरू नका. इंग्लिश आटे काढून त्याच डब्यात ३६ मिलिमीटरचे इटालियन आटे पाडता येतात.

हे सगळं बघून झालं की एक गोष्ट उरते, आणि ती मी खरं तर आधीच विचारायला हवी होती. ही फ्रेम तुमच्या मापाची आहे का? तुम्ही बाबांपेक्षा बुटक्या असाल आणि दांड्यावरून पाय टाकताना अडखळत असाल, तर कितीही छान दुरुस्त केली तरी ती चार वेळा चालवून पुन्हा भिंतीला लागेल. आणि सांधा तापला की आसपासचा वीतभर रंग जळतो, हेही धरून चाला. मूळ रंग आणि स्टिकर जसेच्या तसे हवे असतील तर नळी बदलणं तुमच्यासाठी नाही.

तुम्ही नंतर पाठवलेले जवळून काढलेले फोटो मी रात्री पुन्हा बघितले. डाउन ट्यूबच्या खाली सावली मोडतेय, ती सुरकुतीच आहे. टॉप ट्यूब मला सरळ दिसते. तिच्यावर हँडलच्या बाजूला जो गोल पोचा आहे, गुळगुळीत, कुठेही धारदार न दुमडलेला, तो सायकल उभी करताना हँडल फिरून आपटल्यानं पडतो. तशा पोच्यानं नळीचं काही बिघडत नाही. चिमटा वाकलाय. तेव्हा पोस्ट निघाली आणि टोच्या आत गेला नाही, तर फ्रेम घेऊन या. डाउन ट्यूब बदलू, चिमटा दुसरा घालू. पोचा तसाच राहू दे, तो बाबांच्या हातून पडलेला आहे.