बदलीचा द्वारपाल

१९ जून २००४ च्या रात्री मी खरे तर दुसऱ्याच सामन्याची वाट पाहत होतो. पोर्तुगालमध्ये फुटबॉलची युरो चषक स्पर्धा रंगात आली होती आणि नेदरलँड्स विरुद्ध चेक प्रजासत्ताक हा सामना आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर दिसणार होता. त्याआधी साडेनऊला जर्मनी आणि लॅटव्हिया यांची गाठ होती, आणि तो सामना एक डोळा ताटावर ठेवून पाहण्याच्या लायकीचा आहे असे मी परस्पर ठरवून टाकले होते. शाळेच्या नकाशात एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया हे तीन देश बाल्टिक समुद्राच्या काठी एकाखाली एक बसवलेले असत आणि त्यांचा क्रम परीक्षेत हमखास चुकत असे, एवढीच माझी त्या देशाशी ओळख होती. नव्वद मिनिटे संपली तेव्हा फलकावर ०-० होते आणि ताटातली आमटी कधीच निवली होती. नंतरचा सामना चेक संघाने ३-२ असा जिंकला, जाणकार आजही त्याचे गोडवे गातात, आणि मला मात्र त्यातला एकही गोल धड आठवत नाही. आठवतो तो आधीच्या सामन्यातला लॅटव्हियाचा गोलरक्षक अलेक्सांडर्स कोलिन्को.

त्याचा जन्म रीगा शहरातला, १८ जून १९७५ चा. म्हणजे त्या सामन्याच्या आदल्याच दिवशी त्याने एकोणतिसावे वर्ष पूर्ण केले होते. लॅटव्हियन भाषेत गोलरक्षकाला ‘वार्त्सार्ग्स’ म्हणतात. त्यातल्या ‘वार्ती’ या शब्दाचा अर्थ गोल असा होतो आणि दरवाजा, फाटक असाही होतो, तर ‘सार्ग्स’ म्हणजे राखणदार. हे कळल्यापासून मला गोलरक्षक हा शब्द कोरडा वाटू लागला, कारण ते लोक आपल्या खेळाडूला सरळ द्वारपाल म्हणतात. आपल्याकडे द्वारपाल म्हटले की जय-विजय डोळ्यांसमोर येतात, दोन्ही बाजूंना गदा टेकवून उभे असलेले. सगळी गर्दी त्यांच्या मधून आत जाते, गाभाऱ्यात काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही, आणि कोणाला अडवले यावरून शाप मात्र त्यांनाच बसतो.

कोलिन्कोची कारकीर्द समजून घ्यायला मला मराठीतला ‘बदली’ हा शब्द फार उपयोगी पडला. नोकरीत एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवतात ती बदली, आणि दुसऱ्याच्या जागी उतरवतात तोही बदली खेळाडू. माझे वडील बदलीच्या नोकरीत होते. आमच्या घरी एक लोखंडी ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात वडिलांचे नाव आणि त्याखाली गावाचे नाव लिहिलेले असे. दर तीन-चार वर्षांनी आई त्यातले गावाचे नाव पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढायची आणि वडील त्या जागी नवे लिहायचे. जुनी अक्षरे पूर्ण कधी निघाली नाहीत, त्यामुळे शेवटी शेवटी त्या ट्रंकेवर चार गावे एकमेकांत मिसळून गेली होती. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते असे. कोलिन्कोच्या ट्रंकेवर गावे लिहायची झाली तर रीगा, लंडन, रोस्तोव्ह, कझान, व्हेंट्स्पिल्स आणि नाल्चिक ही नावे तरी घ्यावीच लागतील. दौगावा, डॉन, व्होल्गा, व्हेंटा अशा नद्यांच्या काठांवरून हिंडत हा माणूस थेट कॉकेशसच्या पायथ्यापर्यंत जाऊन आला.

सुरुवात झाली ती स्कोन्टो या रीगाच्या क्लबातून. त्या काळी लॅटव्हियात स्कोन्टो म्हणजे दुसऱ्या कोणाला उभेच राहू न देणारी पेढी होती. १९९१ ते २००४ अशी सलग चौदा वर्षे लीगचे विजेतेपद त्यांच्याच घरी गेले. अशा क्लबाच्या द्वारपालाला देशात काम कमी आणि राष्ट्रीय संघात मात्र भरपूर, कारण तिथे समोर जगभरचे तगडे संघ. या उलट्या गणितानेच त्याला परदेशाचे दार उघडून दिले. तेव्हा युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला इंग्लंडमध्ये कामाचा परवाना मिळायचा तर साधारणपणे मागच्या दोन वर्षांत आपल्या देशाच्या अधिकृत सामन्यांपैकी पाऊणशे टक्के सामने खेळलेले असावे लागत. ब्राझीलच्या उत्तम खेळाडूलाही ही अट जड जाई, कारण तिथे एका जागेसाठी दहा जण उभे असतात. तेवीस लाख वस्तीच्या लॅटव्हियात मात्र एकदा राष्ट्रीय संघात पाय रोवला की परवान्याचा कागद आपोआप तयार होत असे. पाहार्स साउदम्प्टनला गेला, स्तेपानोव्ह्स आर्सेनलला गेला, आणि २००० मध्ये कोलिन्को आणि त्याचा सहकारी आंद्रेज रुबिन्स हे दोघे स्कोन्टोतून दक्षिण लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या क्लबात दाखल झाले.

पॅलेस तेव्हा दुसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये धडपडत होता. त्या मोसमात लीग चषकाच्या उपांत्य फेरीत त्यांची गाठ लिव्हरपूलशी पडली. पहिला सामना घरच्या मैदानावर त्यांनी २-१ असा जिंकला, त्यातला एक गोल रुबिन्सचा होता, आणि परतीच्या सामन्यात लिव्हरपूलने पाच गोल करून हिशेब चुकता केला. गावाकडचा एखादा नवखा शहरात येऊन एका आठवड्यात सत्कार आणि पाकीटमारी असे दोन्ही अनुभवतो, तसा हा प्रकार होता. (रुबिन्स २०२२ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेला.) कोलिन्कोने पॅलेससाठी लीगचे ऐंशीहून अधिक सामने खेळले, म्हणजे त्याची नोकरी काही वाईट झाली नाही. तरीही इंग्लंडमध्ये त्याचे नाव निघाले की लोकांना त्याने अडवलेला एकही चेंडू आठवत नाही, आठवते ती थप्पड.

ही गोष्ट २००२ ची. ब्रॅडफर्डविरुद्ध सामना चालू होता आणि कोलिन्को राखीव बाकावर बसला होता. ब्रॅडफर्डने गोल केला, आणि तेव्हा कोलिन्कोच्या चेहऱ्यावर हसू दिसले असे प्रशिक्षक ट्रेव्हर फ्रान्सिस यांना वाटले. त्यांनी वळून त्याला तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर मारले. पुढे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने फ्रान्सिस यांना दंड केला आणि ते प्रकरण कागदोपत्री मिटले. मला मात्र त्या हसण्याविषयी विचार करताना मुंबईच्या गिरण्यांमधले बदली कामगार आठवतात. ते सकाळी पाळीच्या वेळेला गिरणीच्या फाटकाशी येऊन उभे राहत आणि कायम कामगारांपैकी आज कोण आला नाही याची वाट पाहत. कोणाच्या घरी आजारपण असेल, कोणाची गाडी चुकली असेल, त्यावर यांची त्या दिवसाची मजुरी ठरे. दुसऱ्याचे वाईट व्हावे असे त्यांतल्या कोणालाही वाटत नसणार, आणि तरी फाटकातून बिल्ला पुढे आला की चेहरा उजळल्यावाचून राहत नसणार. राखीव गोलरक्षकाची गत याहून बिकट असते, कारण पुढे खेळणारे एकाच सामन्यात दोन-तीन बदलले जातात, द्वारपाल मात्र जखमी झाल्याशिवाय किंवा एखादी ठळक चूक केल्याशिवाय कोणी बदलत नाही. तेव्हा आपल्या संघावर गोल झाला असता या माणसाने चेहरा कसा ठेवायचा असतो? दुःखी ठेवला तर ढोंगी दिसतो, कोरा ठेवला तर बेफिकीर दिसतो. कोलिन्को खरोखर हसला की नुसतेच त्याचे ओठ आखडले होते, याचा निवाडा मी करणार नाही; पण पायताणात खडा टोचत असतानाही मिरवणुकीत ताठ चालावे लागते, तसे काहीसे राखीव बाकावर बसणाऱ्यांचे असते, आणि फ्रान्सिस स्वतः मोठे आघाडीवीर असल्यामुळे त्यांना त्या बाकाची सवय कधी झाली नसावी, असे मला वाटते.

तर असा हा थप्पड खाल्लेला माणूस दोन वर्षांनी जर्मनीविरुद्ध पोर्तुगालमधल्या बेसा मैदानावर उभा होता. लंडन सुटले होते आणि ट्रंकेवर आता रोस्तोव्ह लिहिलेले होते. लॅटव्हियाने पात्रता फेरीच्या अखेरीस विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या तुर्कस्तानला रीगामध्ये १-० हरवले, इस्तंबूलमध्ये ०-२ असे मागे असताना २-२ अशी बरोबरी साधली, आणि बाल्टिक देशांपैकी युरोच्या मुख्य स्पर्धेत येणारा तो पहिला देश ठरला. गंमत अशी की स्पर्धेच्या सहा आठवडे आधी, १ मे २००४ ला, लॅटव्हिया युरोपीय संघाचा सदस्य झाला. ज्या परवान्यासाठी कोलिन्कोच्या पिढीने इतके सामने मोजले, त्याची तिथल्या पुढच्या पोरांना २०२० च्या अखेरपर्यंत गरज उरली नाही.

समोरच्या टोकाला ऑलिव्हर कान होता. २००२ च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू हा मान त्याला, एका गोलरक्षकाला, मिळाला होता आणि तो १९९४ पासून बायर्न म्युनिकच्या एकाच दारात उभा होता. एका टोकाला पिढीजात वाडा आणि दुसऱ्या टोकाला भाड्याची खोली, असा तो देखावा. चेंडू बहुतेक वेळ भाड्याच्या खोलीकडेच होता. बालाक दुरून फटके मारत होता, उंच चेंडू गोलसमोर पडत होते, आणि कोलिन्को दर वेळी तेच करत होता: दोन पावले बाजूला, गुडघे किंचित वाकवून थांबणे, चेंडू छातीशी घेऊन जमिनीवर पडणे आणि मग अगदी सावकाश उठणे. ते सावकाश उठणे मला फार आवडले. बँकेतला अनुभवी रोखपाल गर्दी पाहून घाई करत नाही, उलट नोटा आणखी एकदा मोजतो, तसे ते होते. मध्येच वेर्पाकोव्स्किसने एकट्याने मुसंडी मारून जर्मनांच्या उरात धडकी भरवली, आणि नंतर त्याला गोलसमोर पाडल्याची तक्रार पंच माइक रायली यांनी ऐकून घेतली नाही. आमटी निवली ती याच सुमारास.

साखळीतले आपले इतर दोन्ही सामने लॅटव्हिया हरला, चेकविरुद्ध १-२ आणि नेदरलँड्सविरुद्ध ०-३. तो एक गुण हीच आजवरची त्या देशाची मोठ्या स्पर्धेतली सगळी शिल्लक आहे.

पुढे कोलिन्को कझानच्या रुबिन क्लबात गेला. रुबिनने २००८ मध्ये प्रथमच रशियाचे विजेतेपद मिळवले, पण तोवर त्यांच्या दारात सर्गेई रिझिकोव्ह हा दुसरा द्वारपाल उभा राहू लागला होता. मग मायदेशी व्हेंट्स्पिल्स आले, मग पुन्हा रशियात दूर नाल्चिक आले. राष्ट्रीय संघातून त्याचे ९४ सामने झाले, आणि त्याच्या मागे उमेदवारी करणारा आंद्रिस वानिन्स पुढे स्वित्झर्लंडच्या सियोन क्लबात सात वर्षे टिकून दोनदा तिथला चषक उचलून आला. माणसे टिकली, पण त्यांनी राखलेली काही घरे टिकली नाहीत. व्हेंट्स्पिल्स हा २००९ मध्ये युरोपा लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा पहिला लॅटव्हियन क्लब होता; २०२१ मध्ये युरोपीय फुटबॉल संघटनेने गैरव्यवहारासाठी त्यावर सात वर्षांची बंदी घातली आणि क्लबाने गाशा गुंडाळला. चौदा वर्षे सलग जिंकणारा स्कोन्टो पैशाच्या ओढाताणीत २०१६ मध्ये दिवाळखोर होऊन संपला.

रीगातले मैदान मात्र आहे आणि त्याचे नाव अजूनही स्कोन्टोच आहे. तिथे आता रीगा एफसी खेळतो. लॅटव्हियात हिवाळाभर बर्फ असल्यामुळे लीग वसंतात सुरू होते, आणि मोसमाच्या त्या पहिल्या थंड दिवसांतही गोलरक्षक मैदानात येऊन सगळ्यांत आधी एकच काम करतो. तो गोलच्या जाळीशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलतो, हातमोज्यांच्या तळव्यांवर पाणी शिंपडतो, कारण कोरड्या रबराने चेंडू नीट धरला जात नाही, आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत दाराच्या मध्यभागी जाऊन उभा राहतो.