संचयिकेचे सर

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असे पत्र आले आणि विषय शोधावाच लागला नाही. सरांवर लिहायचे. त्यांचे नाव छापलेले त्यांना आवडले नसते, पण ‘संचयिकेचे सर’ म्हटले की आपल्या पिढीला दुसरे कोणी आठवणार नाही.

राष्ट्रीय बचत संघटनेची संचयिका योजना पुष्कळ शाळांत होती. मुलांनीच चालवायची बँक. व्यवस्थापक, रोखपाल, कारकून सगळी मुलेच, आणि जमा रक्कम पोस्टातल्या खात्यात. बऱ्याच ठिकाणी ती १५ सप्टेंबरच्या संचयिका दिनापुरती जागी होई. आपल्याकडे मात्र दर शनिवारी, शाळा सुटल्यावर, प्रयोगशाळेच्या खिडकीशी रांग लागायची. कोणी चार आणे, कोणी आठ आणे, आणि चवथीनंतरच्या शनिवारी पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या नोटा. पैसे काढायच्या पावतीवर सरांनी स्वतः एक रकाना आखून घेतला होता, ‘कशासाठी’. काहीही लिहा, सर अडवत नसत. फक्त पुढच्या शनिवारी विचारत, “घेतलंस? केवढ्याला मिळालं?” त्या एका प्रश्नापायी आम्ही डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात चार दुकाने फिरून मग कंपासपेटी घ्यायला लागलो.

एका शनिवारी हिशेबात आठ आणे जास्त निघाले. कमी पडले असते तर आमची पाचावर धारण बसली असती. जास्त आहेत म्हटल्यावर सगळे खूश. रोखपाल म्हणाला, “सर, खडूच्या डब्यात टाकूया.” सरांनी पेन खाली ठेवले. “जास्त म्हणजे कोणाच्या तरी पासबुकात कमी,” एवढेच म्हणाले. मग एकेक पावती पुन्हा. दुपारची कदंब बस निघून गेली, पोटात कावळे ओरडत होते, आणि अखेर पाचवीतल्या एका मुलीची पावती सापडली, डिंकाने दुसरीच्या पाठीला चिकटलेली. सोमवारी नोंद केली असती तरी चालले असते. पण सर सायकल घेऊन तिच्या घरी गेले, तिच्या आईसमोर पासबुकात आठ आणे चढवले, सही केली आणि मग जेवायला गेले. तेव्हाच्या आठ आण्यांना किंमत होती, हे खरेच. पण आज बँकेत शाखाधिकारी म्हणून रोज संध्याकाळी रोकड जुळवताना मला ती चिकटलेली पावती दिसते.

आमच्या घरी बँकेचे नाव काढायची सोय नव्हती. आजीने पोर्तुगीज काळात बँकेत दागिने गहाण ठेवले होते. गोवामुक्तीच्या आधी गोंयकारांचे असे सोने लिस्बनला नेले गेले, त्यात आजीच्या पाटल्याही गेल्या. मी संचयिकेचे पासबुक घरी आणले तर ती कडाडली, “बँकेंत दवरिल्लें भांगर लिस्बनाक गेलें, आतां भुरग्यांचेय पयशे व्हरपाक आयल्यात?” (बँकेत ठेवलेले सोने लिस्बनला गेले, आता मुलांचेही पैसे न्यायला आलेत?) सरांना हे कळले तेव्हा ते घरी आले. बँकांवर विश्वास ठेवा, असले काही बोलले नाहीत. पोस्टाचे पासबुक उघडून त्यावरचा शिक्का आजीला दाखवला आणि दर महिन्याला आणून दाखवीन म्हणाले. मी शाळेत होते तोवर त्यांनी तो शब्द पाळला. पुढे १९९१ साली ते सोने गोव्यात परत आल्याची बातमी आली, तेव्हा ट्रंकेतला पोर्तुगीज कागद वाचून घ्यायला आजीने कोणाला बोलावले असेल? सरांनाच.

२०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा मी याच पट्ट्यातल्या शाखेत होते. अंगणात खनिज वाहायचे ट्रक उभे आणि कर्जाचे हप्ते चालू, अशी माणसे समोर येऊन बसत. त्यात आपल्या शाळेची दोघे-तिघे होती. त्यांनी लहान लहान आवर्ती ठेवी करून ठेवल्या होत्या, त्यावर त्यांचे काही महिने निघाले. श्रेय मी बेधडक सरांना देते.

आता दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालवता येते. रिझर्व्ह बँकेचा अर्थसाक्षरता सप्ताह असतो, त्यात मीही शाळांत जाऊन बोलते, चित्रे दाखवते, मुले टाळ्या वाजवतात. पण एका तासाच्या भाषणाने काय होणार? घरात पैसे मोबाईलवरून जातात, मुलांना सुटी नाणी मोजायची वेळच येत नाही. दुसऱ्याचे पैसे हातात घेऊन ते पैशापैशाने जुळवायला लागणे, हे सरांनी आम्हाला दिले. ते कुठल्याच कार्यक्रमात बसत नाही.

गेल्या वर्षी शाळेत आले तर त्या खिडकीला लोखंडी पत्रा मारलेला. संचयिका केव्हाच बंद झाली, असे शिपायाने सांगितले. व्यवस्थापनाला माझी कळकळीची विनंती आहे, महोत्सवाच्या वर्षात ती खिडकी उघडा. सरकारी योजना नसली तरी जवळच्या पोस्टात किंवा बँकेत मुलांची खाती निघतात. खातेवह्या, पासबुके आणि शिक्के मी देते. पहिले वर्षभर शनिवारी हिशेब तपासायलाही येईन. पावतीवर ‘कशासाठी’चा रकाना मात्र हवाच.