खंबाटकीत शिट्टी न वाजवता

बाबांनी १९७८ची प्रीमियर पद्मिनी विकू दिली नाही, म्हणून ती चालती ठेवायचं माझ्या गळ्यात आलं. पुण्यात ती शहाण्यासारखी वागायची. साताऱ्याकडे निघालो की खंबाटकीच्या अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात आणि बॉनेटखालून वाफेची शिट्टी!

इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावला की भागेल, असं मला वाटत होतं. मूळचा पंखा इंजिनाने ओढलेल्या पट्ट्यावर फिरतो. इंजिनाचा वेग कमी तर त्याचाही कमी. ट्रकमागे रांगताना, म्हणजे नेमका हवा असतो तेव्हाच तो मंद. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "पंख्याचं नंतर बघू साहेब, आधी रेडिएटर उघडू."

झाळकामाचे डाग उकलून रेडिएटरची वरची टाकी काढली, तर नळ्यांची तोंडं पांढऱ्या खाराने बुजलेली. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याचा प्रताप, आणि ओतणारा मीच. नवा कोअर, म्हणजे नळ्यांचा गाभा, बसवला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, तर जागेवरच नव्हता. गाडी थंड राहावी म्हणून कुणीतरी कधीचा काढून टाकला होता. आपल्याकडचा हा लाडका इलाज मला मुळीच पटत नाही. सकाळी इंजिन तापता तापत नाही, चोक ओढून पेट्रोल मात्र जळत राहतं. तोही नवा घातला. बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं निम्मं.

मग मारुती ८००चा इलेक्ट्रिक पंखा, रिले, फ्यूज आणि पाणी तापलं की पंखा चालू करणारा थर्मोस्विच. चालू केलं, पंखा घोंघावतोय आणि काटा चढतोच आहे! मिस्त्रींनी खिशातली पावती पुढच्या जाळीसमोर धरली. ती जाळीला चिकटायला हवी होती, ती उडाली. दोन वायरी उलट लागल्या होत्या. पंखा इंजिनाची गरम हवा पुढे फेकत होता.

खरा खर्च त्यानंतर निघाला. रात्री सिग्नलला हेडलाइट आणि पंखा एकदम चालू झाले की चार्जिंगचा दिवा लागायचा. इंजिन हळू फिरत असताना वीज बनवणारा जुना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. शेवटी त्याच्या जागी हळू वेगातही वीज देणारा अल्टरनेटर घेतला. बाबा म्हणाले, "पंख्यासाठी अर्धी गाडी बदललीस."

मे महिन्यात भर दुपारी खंबाटकी चढलो. काटा मध्याच्या जरा पुढे गेला, पंखा लागला, काटा परत आला. माथ्याजवळ गाडी तरीही आचके देऊ लागली. पाणी ठीक होतं. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपातलं पेट्रोल तापून त्याची वाफ झाली होती. पंपावर ओलं फडकं टाकायचा बाबांचा जुना उपाय अजून चालूच आहे.