लसूण करपली, मला कळलं नाही

४ मे २०२१, मंगळवार
रविवारपासून अंग कसकसतंय. घसा खवखवतो, ताप शंभराच्या आत-बाहेर. वळवाच्या पावसात गच्चीवरचे पापड गोळा करताना भिजलीस, त्याचंच ते, असं सासूबाईंचं निदान. मलाही पटलं होतं. वळीव झाला की आमच्या बेळगावच्या वडगावात निम्म्या घरांत असंच असतं.
आज सकाळी मात्र आमटीला फोडणी दिली, लसूण करपली, सासूबाई ओसरीवरून ओरडल्या आणि मी कढईवर वाकून उभी. कसलाच वास नाही. सर्दीत नाक चोंदतं म्हणून वास जातो, इथं श्वास अगदी मोकळा होता. गॅस बंद करून तशीच माडीवर आले. दुपारी कोरोनासाठी स्वॅब दिला. रिपोर्ट येईपर्यंत खाली वावरायचं नाही, हे यांना दारातूनच सांगितलं.

६ मे, गुरुवार
पॉझिटिव्ह. आशा कार्यकर्तीचा फोन आला, कानडीत विचारलं, "ज्वर ऐतेन्री?" (ताप आहे का?) मी म्हटलं, "इल्ल री (नाही हो), आता कमी आहे." आमच्या बोलण्याला सीमा कुठं असते! पलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला असलेल्या आईला मात्र ती सीमा आहे. अर्ध्या तासाची वाट, पण नाक्यावर ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट लागतो. मी म्हटलं, "अगं आई, येऊन करणार काय? जिना चढू द्यायचे नाहीत मी तुला." फोनवरच रडली.
शेजारच्या काकूंनी कुंदा पाठवला. जिभेला फक्त गोड लागलं. भाजलेल्या खव्याचा तो खमंगपणा सगळा नाकाचाच असतो तर!

९ मे, रविवार
डॉक्टर म्हणाले, दिवस पहिल्या लक्षणापासून मोजा, रिपोर्टच्या तारखेपासून नको. ताप उतरला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, दुसऱ्या आठवड्यात लक्ष जास्त ठेवायचं. या आजारात ऑक्सिजन कमी होतो तरी माणसाला धाप लागेलच असं नाही. बोलत बसलेला माणूस बोलता बोलता खालावतो. तापापेक्षा मला याचीच भीती वाटते.
म्हणून ऑक्सिमीटर. हात गार असला किंवा नखाला रंग असला तर आकडा चुकतो, त्यामुळे पाच मिनिटं स्वस्थ बसून, बोट चोळून गरम करून लावते. ९४च्या खाली गेला की फोन करायचा. शिवाय खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालून पुन्हा बघायचं. तीनने उतरला तरी कळवायचं. आज बसून ९७, चालून ९६. पालथं झोपल्यावर छातीला बरं वाटतं, मानेचे हाल होतात.
गल्लीच्या ग्रुपवर कुणाची तरी गोळ्यांची चिठ्ठी फिरतेय, तीत स्टेरॉइडही आहे. ऑक्सिजन व्यवस्थित असताना सुरुवातीलाच ते घेतलं तर अपायच, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी तसं ग्रुपवर लिहिलं, तर उत्तरादाखल सगळ्यांचे जोडलेले हात.

१२ मे, बुधवार
ताप नाही. केस विंचरून दम लागला. दुकानं सकाळी सहा ते दहाच उघडी, त्यामुळे यांची भाजीसाठी पळापळ.

१६ मे, रविवार
डॉक्टरांनी खाली उतरायला परवानगी दिली. जिना उतरले, चढताना मधल्या पायरीवर बसावं लागलं. 'बरी झालीस' म्हणून सगळे कामाची यादी घेऊन येतात. शक्ती तापासारखी मोजता येत नाही, ही पंचाईत आहे. वास थोडा परतलाय, पण वाकडा. कॉफी जळक्या रबरासारखी वाटते, साबण बरा.
सासूबाईंचा कोविशील्डचा दुसरा डोस राहिलाय. पहिला मार्चमध्ये झाला आणि आता परवाच अंतर बारा ते सोळा आठवडे केलंय, म्हणजे जूनपर्यंत थांबणं आलं. तोवर त्यांचं ताट ओसरीवर, माझं माडीवर. त्यांना हे मुळीच मान्य नाही.