लेट्लोपीचा गोल गळपट्ट्याचा स्वेटर: नमुना चौकोनापासून धुण्यापर्यंत

सध्याची स्थिती: अंग आणि दोन्ही बाह्या झाल्या, गळपट्टा (खांद्यांभोवतीचा गोल नक्षीचा भाग) सुईवरून उतरला, धुणंही झालं. छातीचा घेर 100 सेमी. लोकर आइसलँडची लेट्लोपी, 50 ग्रॅमच्या गुंड्यात साधारण 100 मीटर. मुख्य राखाडी रंगाचे 9 गुंडे, नक्षीसाठी पांढरा, काळा आणि तपकिरी प्रत्येकी एक.

आधी लोकरीविषयी, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात. आइसलँडच्या मेंढीच्या अंगावर दोन थर असतात. वरचा टोग, लांब आणि राठ, पाणी ओघळून जाईल असा. आतला थेल, बारीक आणि मऊ, ऊब धरणारा. लोपीत, म्हणजे या मेंढीच्या लोकरीच्या धाग्यात, दोन्ही एकत्र पिंजतात आणि एकेरी धाग्याला अगदी कमी पीळ देतात. मऊ मरिनो लोकरीची सवय असलेला हात हा धागा ओढतो आणि तो पटकन तुटतो. तुटला तर घाबरू नये. दोन्ही टोकं 5 सेमी विसकटायची, ओली करायची आणि तळहातांत घासायची, की घट्ट जोड बसतो. यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीला हे जमत नाही. आपल्याकडची दख्खनी लोकरही राठच असते, पण ती आखूड धाग्याची. म्हणून तिची घोंगडी होते, तिला चिंचोक्याची खळ लागते. लोपीला खळ नको, फक्त पाणी हवं.

नमुना चौकोन, म्हणजे टाक्यांचं माप काढायला आधी विणायचा तुकडा, सपाट विणू नका. उलट टाके बहुतेकांचे सैल पडतात आणि मग गोलात माप चुकतं. 4.5 मिमीच्या सुईवर गोल विणून 10 सेमीत 19 टाके आले, धुऊन सुकवल्यावर 18 टाके आणि 24 फेरे. हिशोब धुतल्यानंतरच्या मापावर केला आहे.

अंग: 3.5 मिमीच्या गोल सुईवर 164 टाके, दोन सुलट दोन उलट, 6 सेमी काठ. मग 4.5 मिमीची सुई, आणि पहिल्याच फेऱ्यात दर दहा टाक्यांनंतर एक असे 16 वाढवून 180. काठासकट 40 सेमी सरळ.

बाह्या: 40 टाके, तोच काठ. नंतर दर आठव्या फेऱ्याला खालच्या मध्याच्या दोन बाजूंना एकेक, असं अकरा वेळा, म्हणजे 62. लांबी 46 सेमी.

आता जोड. काखेत अंगाचे दोन्हीकडे 12 आणि प्रत्येक बाहीचे 12 टाके दोऱ्यावर बाजूला ठेवायचे. उरले अंगाचे 156 आणि बाह्यांचे 100, एकूण 256. आठ टाक्यांची नक्षी बरोबर 32 वेळा बसते. जोडल्यावरचे पहिले तीन-चार फेरे काखेत फार ताणतात. तिथे लांब तारेची सुई घेऊन जादा तार बाहेर काढली की काम हलकं होतं.

गळपट्ट्यातच बहुतेक स्वेटर फसतात. नक्षीत त्या वेळी न वापरलेल्या रंगाचा, मागे सोडलेला धागा आवळला की गळपट्टा चुणतो आणि धुऊनही तो सरळ होत नाही. उपाय दोन: नक्षीपुरती सुई 5 मिमी करायची, आणि पाच टाक्यांहून लांब धागा मागे मोकळा सोडायचा नाही, मधे एकदा अडकवायचा. काम उलटं धरून, नक्षीची बाजू आत ठेवून विणलं तर मागचा धागा आपोआप लांब पडतो. घट आहे ती अशी: 22व्या फेऱ्यात 8चे 6 (192), 36व्यात 6चे 4 (128), 46व्यात 4चे 3 (96). घट नेहमी एकरंगी फेऱ्यात, नाहीतर नक्षी तिरपी दिसते. 54व्या फेऱ्यानंतर 80 टाके करून 3.5 मिमीवर गळ्याचा काठ.

जुन्या नमुन्यांत पुढची-मागची उंची सारखीच असते, त्यामुळे गळा समोरून मानेला टोचतो. अलीकडचे नमुने मागच्या बाजूला तीन-चार जोड्या अर्ध्या फेऱ्यांच्या (फेरा पूर्ण न करता मधूनच परत फिरायचं) घालतात. इथेही त्या गळ्याच्या काठाआधी घातल्या. हा बदल आम्हाला पूर्ण पटतो.

आणखी एक बदल आइसलँडमध्ये ठळक दिसतो: जाडी कमी होतेय. आधी आउलाफॉस्लोपी (100 ग्रॅमला 100 मीटर, 6 मिमी सुई) घेऊन आठवड्यात उरकायचा स्वेटर, आता लेट्लोपी किंवा न कातलेल्या प्लोटुलोपीचा एक पदर. गरम घरात जाड स्वेटर अंगावर राहत नाही, एवढं साधं कारण. गोल गळपट्ट्याची ही ‘परंपरा’ही 1950च्या दशकातलीच. 2008च्या आर्थिक कोसळीनंतर विणकाम तिथे पुन्हा जोरात आलं. महामारीत मागणी इतकी वाढली की लोपीचे रंग मिळेनात. उलट मेंढ्या घटल्यात, 1970च्या दशकाच्या अखेरीस आठ लाखांवर होत्या, आता चार लाखांच्या आत. लोकर ब्लोन्डुओस गावात धुतली जाते आणि मॉस्फेल्सबायर गावातल्या ईस्टेक्स या लोपी बनवणाऱ्या कंपनीच्या गिरणीत कातली जाते.

परदेशात विणलेले स्वेटर तिथल्या दुकानांत विकले जाऊ लागल्यावर 2020 मध्ये ‘आइसलँडिक लोपापेसा’ (लोपापेसा म्हणजे लोपीचा स्वेटर) या नावाला संरक्षण मिळालं. अटींनुसार लोकर तिथल्या मेंढीची हवी आणि स्वेटर हाताने, तिथेच, गोलात विणलेला हवा. म्हणजे पुण्यात विणलेला आपला हा स्वेटर नियमाने लोपापेसा नव्हेच, कितीही सुबक असला तरी.

धुणं: कोमट पाणी, लोकरीचा साबण, अर्धा तास नुसतं भिजवणं. चोळलं किंवा एकदम गार-गरम केलं की लोकर आवळते, आणि हे परत फिरत नाही. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, मग सपाट मापाला लावायचं. सुईवरून उतरलेला राठ स्वेटर इथे फुलतो, टाके एकमेकांत बसतात. काखेचे 12-12 टाके शिवून जोडल्यावर दोन टोकांना भोकं राहतात, ती धुण्याआधीच उरलेल्या टोकाने आवळावीत.

उरलं: राखाडीचा अर्धा गुंडा, पांढऱ्याचा पाव. काळा मात्र गळ्याच्या काठाला जेमतेम पुरला, तेव्हा काळ्याचे दोन घ्या.