गी नोव्हेस: एक माणूस, एक क्लब

फ्रान्समधल्या तुलूझमध्ये राहायचं म्हणजे रग्बीतून सुटका नाही. सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये दुसरा विषयच नसतो, आणि जुन्या लोकांशी गप्पा रंगल्या की गी नोव्हेसचं, म्हणजे इथल्या क्लबच्या जुन्या खेळाडूचं आणि कोचचं, नाव निघतंच. मला हा माणूस प्रचंड आवडतो म्हणून आज त्याच्यावर लिहितोय.

जन्म तुलूझचाच, १९५४चा. पेशानं पी.टी.चा मास्तर. विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा खेळाडू, म्हणून तुलूझच्या स्ताद तुलूझाँ क्लबकडून खेळायला लागला तो सत्तरच्या दशकात, फ्रान्सकडूनही सात टेस्ट (आंतरराष्ट्रीय मॅच) खेळला, पण त्याचं खरं घर म्हणजे हा लाल-काळ्या जर्सीचा क्लब. १९४७ नंतर क्लबनं फ्रेंच चॅम्पियनशिप जिंकलीच नव्हती, ती १९८५ला जिंकली आणि ८६ला परत, दोन्ही वेळा नोव्हेस टीममध्ये होता. तेव्हाचे कोच व्हिलप्रे आणि स्क्रेला. बॉल हातात ठेवून पळायचं, पास देत राहायचं, सपोर्टला माणूस पोचलाच पाहिजे, हा त्यांचा खेळ, आणि नोव्हेसनं तो आधी खेळून शिकला मग शिकवला.

१९९३ला तो हेड कोच झाला आणि २०१५पर्यंत हललाच नाही!! १९९४ ते ९७ सलग चार वेळा फ्रेंच चॅम्पियन. १९९६मध्ये पहिलाच हायनेकेन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा कप, तोही कार्डिफला त्यांच्याच शहरात एक्स्ट्रा टाइममध्ये २१-१८नं हरवून, मग २००३, २००५, २०१०. युरोपचे चार कप एकाच कोचच्या हाताखाली.

पण मला कपांपेक्षा २००४ची हरलेली फायनल जास्त सांगावीशी वाटते. लंडनचं ट्विकनहॅम मैदान, समोर इंग्लंडचा वॉस्प्स क्लब, स्कोअर २०-२०, मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये जाणार असं सगळ्यांनी धरलेलं. वॉस्प्सच्या रॉब हाउलीनं कडेनं बॉल पुढे सरपटत मारला, तुलूझचा फुलबॅक (सगळ्यात मागे उभा राहणारा खेळाडू) क्लेमाँ प्वात्रनो बॉल आपल्या गोल लाइनच्या आत यायची वाट बघत राहिला, आणि हाउलीनं मागून येऊन बॉल लाइनपलीकडे टेकवून ट्राय केला. २७-२०, खेळ खलास. प्वात्रनो तीनच दिवसांपूर्वी बावीस वर्षांचा झाला होता. एवढ्या मोठ्या क्लबात अशा चुकीनंतर पोरगं कायमचं बाजूला पडू शकतं, पण हा पडला नाही. पुढच्याच वर्षी क्लबनं कप जिंकला, आणि २०१०च्या फायनलला फुलबॅक कोण, तर प्वात्रनोच. माझ्या मते कोच म्हणून नोव्हेसची खरी उंची इथे दिसते, कारण जिंकणाऱ्या पोराला सांभाळणं सोपं असतं हो.

फ्रान्सच्या टीमचं कोचपद मात्र त्याला लाभलं नाही. २०१६ला तिकडे गेला, २१ मॅचमध्ये सात विजय, जपानशी २३-२३ बरोबरी झाली आणि २०१७च्या डिसेंबरात काढून टाकला. लोक हे आकडे काढून त्याला छोटा ठरवतात ते मला अजिबात पटत नाही. राष्ट्रीय टीमला वर्षातून मोजके आठवडे मिळतात, आणि ह्याची सगळी पद्धत पोरांबरोबर वर्षानुवर्षं रोज मैदानावर असण्याची.

त्याच्यानंतर क्लबची सूत्रं उगो मोलाकडे आली, तोही तुलूझचा जुना खेळाडू, नोव्हेसच्या हाताखाली खेळलेला. २०२१ आणि २०२४ला युरोपचा कप परत तुलूझला आला, आणि दोन्ही वेळा मोलासोबत बॅक्सचा (मागच्या फळीच्या खेळाडूंचा) कोच होता क्लेमाँ प्वात्रनो.